अंबत्तूरच्या टाक्या आणि बोथट होत चाललेली औषधे

चेन्नईच्या वायव्य भागातले अंबत्तूर बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळे. १९६४ साली वसलेल्या या वसाहतीत मोटारींच्या सुट्या भागांपासून तयार कपड्यांपर्यंत नाना वस्तू बनतात आणि अलीकडे त्यांच्या शेजारी संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतीही उभ्या राहिल्या आहेत. २०११ साली अंबत्तूर नगरपालिका बृहन् चेन्नई महानगरपालिकेत विलीन झाली. याच परिसरात अयपाक्कम येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आहे आणि तिच्याच आवारातून राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्थेच्या चेन्नई येथील क्षेत्रीय केंद्राने वर्षानुवर्षे काम केले आहे. शहरी हिवतापाचा डास ज्या टाक्यांत वाढतो त्या टाक्या आणि त्या डासाचा अभ्यास करणारे वैज्ञानिक असे एकाच उपनगरात नांदतात. या शेजाराचा जितका उपयोग व्हायला हवा तितका भारतातील शहरांनी अद्याप करून घेतलेला नाही.

देशाचे आकडे सध्या उत्साहवर्धक आहेत. २०१५ साली हिवतापाचे ११ लाख ६९ हजार रुग्ण नोंदले गेले होते. २०२३ साली ती संख्या सुमारे २ लाख २७ हजारांवर आली. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिभारग्रस्त देशांच्या गटातून भारत बाहेर पडला. २०२७ पर्यंत देशांतर्गत संसर्ग शून्यावर आणायचा आणि २०३० पर्यंत निर्मूलन साधायचे, असे सरकारी उद्दिष्ट आहे. एकट्या चेन्नईतून जिथे पूर्वी हजारोंनी रुग्ण नोंदले जात, त्या तामिळनाडूत अलीकडच्या वर्षांत संपूर्ण राज्याची वार्षिक संख्या हजाराच्या आत राहिली आहे. असे असताना डासांच्या कीटकनाशक-प्रतिकाराची चर्चा आताच कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

चर्चा आताच हवी, कारण रुग्ण थोडे असतात तेव्हा डासाचा प्रतिकार कोणाला दिसत नाही. औषधाची धार गेली आहे हे रुग्णालयाच्या नोंदवहीत उमटायला आधी पुरेसे परजीवी रक्तात फिरत असावे लागतात. परजीवी कमी असले की बोथट औषधही यशस्वी भासते. रुग्ण कमी झाल्याचे श्रेय मग फवारणीच्या खात्यावर जमा होते आणि पुढच्या वर्षी तेच औषध, तेवढेच लिटर, त्याच पद्धतीने खरेदी केले जाते. त्या काळात टाकीतल्या डासांच्या पिढ्यांमागून पिढ्या मात्र निवडल्या जात असतात.

हा डास म्हणजे ॲनॉफिलीस स्टीफेन्सी. १९०१ साली डब्ल्यू. जी. लिस्टन यांनी त्याचे वर्णन केले आणि हिवतापाचे ब्रिटिश संशोधक जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स यांचे नाव त्याला मिळाले. हेच लिस्टन पुढे मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेत प्लेगवर काम करत होते. हिवताप पसरवणारे बहुतेक डास खेड्यातले. त्यांना ओढे, भातखाचरे, डबकी लागतात. स्टीफेन्सीने मात्र शहर आपलेसे केले. विहीर, गच्चीवरची टाकी, जमिनीखालचा हौद, इमारतीच्या बांधकामावर साठवलेले पाणी, एवढे त्याला पुरते. पाणी स्वच्छ असले तर उत्तमच. गटारातल्या काळ्या पाण्यात वाढणारा डास निराळा, तो हिवताप पसरवत नाही, हे अजूनही अनेक नगरसेवकांच्या गावी नसते.

चेन्नईतील अभ्यासांतून या डासाच्या आणखी काही सवयी पुढे आल्या. गच्चीवरच्या टाक्या हे त्याचे महत्त्वाचे उत्पत्तिस्थान ठरले. विश्रांतीसाठी तो घरांच्या भिंतींपेक्षा गोठ्यांत अधिक सापडला आणि त्याच्या पोटातील रक्तही बरेचसे गुरांचे निघाले. घराच्या आतील भिंतींवर कीटकनाशक मारण्याची जी पद्धत ग्रामीण भारतात रूढ आहे, ती या शहरात फारशी उपयोगाची का नाही, याचे उत्तर या गोठ्यांत आहे. ज्या भिंतीवर डास बसतच नाही, ती रंगवून काय होणार? त्यामुळे १९७१ साली सुरू झालेल्या नागरी हिवताप योजनेचा सारा भर अळीवर राहिला. टेमीफॉस, म्हणजे महाराष्ट्रातल्या आरोग्यसेवकांच्या भाषेतले ॲबेटिंग, अळीनाशक तेल, गप्पी आणि गम्बुसिया मासे, बीटीआय हे जिवाणूजन्य अळीनाशक, ही शहरातली शस्त्रे. रुग्ण सापडला की आसपासच्या घरांत पायरेथ्रमची फवारणी आणि साथीच्या दिवसांत रस्तोरस्ती धूरफवारणी.

यातले कोणते शस्त्र अजून चालते, हे ठरवण्याची रीत साधी आहे. वीस-पंचवीस माद्या एका पारदर्शक नळीत सोडतात. नळीच्या आत ठरावीक तीव्रतेच्या कीटकनाशकाने भिजवून वाळवलेला कागद बसवलेला असतो. डीडीटीसाठी ४ टक्के, मॅलाथिऑनसाठी ५ टक्के, डेल्टामेथ्रिनसाठी ०.०५ टक्के. तासभर संपर्क झाला की डासांना स्वच्छ नळीत हलवतात, साखरपाणी देतात आणि चोवीस तासांनी किती मेले ते मोजतात. ९८ टक्के किंवा अधिक मेले तर औषध चालते. ९० टक्क्यांहून कमी मेले तर प्रतिकार सिद्ध झाला. मधल्या पट्ट्यात शंका, म्हणून चाचणी पुन्हा. संपूर्ण यंत्रणेत महाग असे काही नाही. डास गोळा करणे मात्र कष्टाचे आहे. ज्या भागाविषयी प्रश्न आहे त्याच भागातल्या टाक्यांतून अळ्या आणाव्या लागतात, त्या वाढवाव्या लागतात आणि एकाच चाचणीसाठी काही शे माद्या जमवाव्या लागतात. रुग्ण कमी झाले, अळ्या विरळ झाल्या की हे काम आणखी जड होते आणि नेमके तेव्हाच त्याला पैसा मिळत नाही.

महापालिकांच्या पत्रकांत किती घरे तपासली, किती टाक्यांत औषध टाकले, किती गल्ल्यांत धूर सोडला, याचे आकडे ठळकपणे असतात. चाचणीत किती टक्के डास मेले, हा आकडा सर्वसामान्य नागरिकासमोर क्वचितच येतो. औषध पडले याची नोंद आहे, औषध लागू पडले याची नाही. रुग्णालयात एखाद्या जिवाणूवर कोणते प्रतिजैविक चालते हे पाहिल्याशिवाय पुढचे औषध देऊ नये, हे आता सामान्य रुग्णालाही पटले आहे. शहरभर फवारल्या जाणाऱ्या औषधाला मात्र तो नियम लागू करावा, असे कोणाला वाटत नाही.

या बाबतीत तामिळनाडूचा इतिहास बोलका आहे. देशात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला १९५३ साली. त्या वेळी वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत असावेत, असा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीने जो चमत्कार घडवला तो खराच होता आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण १९५६ सालीच इरोड शहरातील स्टीफेन्सीच्या अळ्यांमध्ये डीडीटीविरुद्ध प्रतिकार निर्माण होत असल्याची प्राथमिक टिपणी राजगोपालन, वेदमाणिक्कम आणि रामू या तिघांनी प्रसिद्ध केली. कार्यक्रम सुरू होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. १९५८ साली ‘नियंत्रण’ हा शब्द जाऊन कार्यक्रमाच्या नावात ‘निर्मूलन’ आले आणि त्याच वर्षी तत्कालीन मुंबई राज्याच्या ठाणे जिल्ह्यातून डीलड्रिनला डास दाद देत नसल्याची शक्यता संशोधकांनी वर्तवली. म्हणजे इशारे उशिरा आले असे कोणी म्हणू शकत नाही. ते छापून आले होते, कार्यक्रमाच्या उत्साहात मागे पडले इतकेच.

१९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या लाखभरावर आली आणि एकही मृत्यू नोंदला गेला नाही. १९७६ साली ती ६४ लाखांवर गेली. या उलटफेराला एकटा प्रतिकार जबाबदार नव्हता. डीडीटीचा तुटवडा, आटलेला निधी, देखरेखीतली ढिलाई आणि शहरांकडे झालेले दुर्लक्ष, सगळ्यांचा त्यात वाटा होता. परंतु तो सारा काळ यशाचा होता हे विसरता येत नाही. आजच्या दोन लाखांच्या आकड्याकडे पाहताना त्या एक लाखाची आठवण ठेवणे शहाणपणाचे आहे.

प्रतिकार कसा येतो, हे विदर्भातल्या कापूस उत्पादकाला समजावून सांगण्याची गरज नाही. गुलाबी बोंडअळीला मारणारे बीटी कापसाचे बियाणे आले, काही वर्षे बोंडे निरोगी राहिली आणि २०१७ च्या हंगामात त्याच बियाण्याच्या शेतांत अळीने धुमाकूळ घातला. बियाण्याने अळीला बलवान केले नाही. लाखो अळ्यांत मूठभर अशा होत्या ज्यांना ते विष बाधत नव्हते. बाकीच्या मेल्या आणि मैदान त्या मूठभरांच्या संततीला मोकळे मिळाले. शेताच्या कडेने साधे कापूस लावा, म्हणजे विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही टिकतील, असे सांगितले गेले होते. ते फारसे कोणी पाळले नाही. डासाची गोष्ट हीच आहे, फक्त वेग अधिक. चेन्नईच्या उष्म्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. वर्षाकाठी वीसएक पिढ्या धरल्या, तर एका नगरसेवकाच्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत डासांच्या शंभर पिढ्या होऊन जातात.

डास विषाला दोन मुख्य मार्गांनी चुकवतो. एक, विष जिथे बसते ती जागाच बदलून टाकायची. डीडीटी असो वा पायरेथ्रॉइड, दोघांचेही लक्ष्य एकच, मज्जातंतूंमधील सोडियमचे द्वार. ते उघडे राहिले की डास तडफडून मरतो. या द्वाराच्या जनुकात एक अक्षर बदलले तर दोन्ही प्रकारची विषे एकदम निष्प्रभ होऊ शकतात. दुसरा मार्ग, विष पोहोचण्याआधी त्याचे तुकडे करणारी विकरे अधिक प्रमाणात बनवायची. मॅलाथिऑन आणि टेमीफॉस ही वेगळ्या कुळातली, पण परस्परांची भावंडे; दोन्ही ॲसिटिलकोलिनएस्टरेज या एकाच विकराला निकामी करतात. म्हणजे धूर मॅलाथिऑनचा आणि टाकीत टेमीफॉस, असे वर्षानुवर्षे चालले तर डासाला बालपणी व तरुणपणी एकाच परीक्षेची तयारी करायला मिळते.

कुठल्याच सरकारी आराखड्यात ज्याचा हिशेब नाही अशी एक गोष्ट इथेच येते. अंबत्तूरमधल्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या असोत वा कल्याण-डोंबिवलीतल्या इमारती, संध्याकाळ झाली की घराघरांत डासांची उदबत्ती पेटते किंवा विजेच्या खोबणीत द्रवाची बाटली बसते. त्यातील ॲलेथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन ही सारी पायरेथ्रॉइडच. मच्छरदाणीला लावलेले डेल्टामेथ्रिनही त्याच कुळातले. रुग्णाच्या घराभोवती मारायचे पायरेथ्रम हे शेवंतीच्या कुळातील फुलांचा अर्क असले, तरी त्याचे लक्ष्य तेच सोडियमचे द्वार. आरोग्य खात्याने औषध आलटून पालटून वापरण्याचे ठरवले, तरी लाखो घरे रोज रात्री एकाच कुळाचे विष थोड्या थोड्या मात्रेत, बहुधा डास मरणार नाही पण पळेल इतक्याच प्रमाणात, हवेत सोडत राहणार. यात घरातल्या माणसाचा दोष काढणे अन्यायाचे ठरेल. ज्याच्या खोलीला एकच खिडकी आणि तिलाही जाळी नाही, त्याने उदबत्ती लावू नये तर काय करावे? पण निर्मात्या कंपन्यांच्या जाहिरातींवर जितका खर्च होतो त्याचा शतांश जरी या घरगुती वापराचा डासांवर काय परिणाम होतो हे मोजण्यावर झाला, तरी बरेच काही उमगेल.

शहरी डास औषधांना सरावला की काय घडू शकते, याचे उदाहरण आफ्रिकेच्या शिंगात पाहायला मिळते. स्टीफेन्सी मूळचा दक्षिण आशिया आणि अरबस्तानाच्या बाजूचा. २०१२ साली तो जिबुती या बंदराच्या देशात आढळला. त्या वर्षी तिथे हिवतापाचे अवघे २७ रुग्ण होते; २०२० साली ७३ हजारांहून अधिक झाले. पुढे इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया, घाना अशी त्याची वाटचाल नोंदली गेली. इथिओपियात पकडलेल्या डासांवर चाचण्या झाल्या तेव्हा पायरेथ्रॉइडसह अनेक कुळांतील औषधे त्यांच्यावर निकामी ठरली. श्रीलंकेची गंमत अशी की सप्टेंबर २०१६ मध्ये त्या देशाला हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले आणि त्याच वर्षअखेर मन्नारमध्ये स्टीफेन्सी सापडला. मन्नार आणि तामिळनाडूचा किनारा यांच्यामध्ये एक अरुंद सामुद्रधुनी आहे.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. प्रयोगशाळेतल्या नळीत डास जगला म्हणून गावात हिवताप वाढतोच, असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने बेनिन, कॅमेरून, केनिया, सुदान आणि भारत अशा पाच देशांत मोठा अभ्यास झाला. भारतातील ठिकाण छत्तीसगडमधील केशकाल होते. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. डासांमध्ये प्रतिकार असलेल्या भागांतही औषधी मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना हिवताप कमी झाला. प्रतिकाराचे प्रमाण आणि रुग्णांचे प्रमाण यांत सरळ नाते दिसले नाही. प्रतिकाराचा बागुलबुवा उभा करून मच्छरदाण्यांवरचा विश्वास उडवू पाहणाऱ्यांना हे उत्तर आहे आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात ते फार मोलाचे आहे. मच्छरदाणी औषध संपल्यावरही जाळी म्हणून उरते. जिरलेले औषध डासाला मारू शकले नाही तरी त्याला अशक्त करत असेल, ही शक्यताही आहेच.

पण तो निष्कर्ष जसाच्या तसा चेन्नईला लावता येत नाही. तिथे मच्छरदाणी हे मुख्य साधन नाही. स्टीफेन्सी संध्याकाळी, माणसे अजून जागी असताना चावू लागतो. नियंत्रणाची सारी मदार अळीनाशकावर आहे आणि अळीनाशकाच्या मागे जाळीसारखा दुसरा आडोसा नाही. टेमीफॉस चालेनासे झाले तर टाकीत पाणी उरते आणि पाण्यात अळी. त्यातून चेन्नईचा हिवताप मुख्यतः व्हायवॅक्स प्रकारचा. हा परजीवी यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनंतर पुन्हा रक्तात उतरतो. ताप गेला म्हणून चौदा दिवसांची प्रायमाक्विनची गोळी मध्येच सोडणारा प्रत्येक रुग्ण टाकीतल्या डासांसाठी नवा साठा असतो. कामासाठी ओडिशा, झारखंड, बिहारमधून येणारे तरुण आणि त्यांच्या डोक्यावरची उघडी टाकी, अशी जोडी कोणत्याही औद्योगिक उपनगरात सहज जमते. त्यात त्या तरुणांचा काही अपराध नाही, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न टाकीपाशी येऊन थांबतो आणि टाकी पाण्यापाशी. चेन्नईत पाणी साठवू नका असे कोणी कोणाला सांगू शकत नाही. जून २०१९ मध्ये शहराचे जलाशय कोरडे पडले. जुलैमध्ये जोलारपेट्टै येथून पाण्याची रेल्वेगाडी सुरू करावी लागली. प्रत्येक फेरीत पंचवीस लाख लिटर पाणी घेऊन ती अंबत्तूर स्थानकावरून पुढे विल्लिवाक्कमला जात असे. ज्यांनी ती गाडी पाहिली, ज्यांनी टँकरमागे घागरी घेऊन धाव घेतली, ते मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवणारच. नळाला पाणी ठरावीक वेळी आणि बेभरवशाचे येते तोवर प्रत्येक घर हा एक छोटा जलाशय राहील. पाणीपुरवठा खाते आणि आरोग्य खाते यांच्या फायली वेगवेगळ्या कपाटांत असतात. डासाच्या दृष्टीने मात्र ते एकच खाते आहे.

हा धडा मुंबईने डीडीटीच्या कितीतरी आधी गिरवला होता. १९११ साली चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांचा अहवाल दिला आणि स्टीफेन्सीचे घर म्हणून शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवले. विहिरी बुजवायच्या किंवा बंद करायच्या, असा उपाय निघाला. त्यावर मोठा गहजब झाला. अनेक विहिरींशी श्रद्धा जोडलेल्या होत्या आणि पारशी समाजासह अनेकांनी विरोध नोंदवला. वाद, सवलती, मुदती यांत वर्षे गेली आणि १९२८ साली गॉर्डन कोव्हेल यांना मुंबईतील हिवतापावर पुन्हा अहवाल लिहावा लागला. तरीही त्या खटपटीतून एक गोष्ट शहराच्या कायद्यात आणि सवयीत मुरली. टाकीला घट्ट झाकण हवे आणि तपासनिसाला वर चढता यावे म्हणून पक्की शिडी हवी. नसेल तर नोटीस. महापालिकेचा कीटकनाशक विभाग आजही याच मुद्द्यावर इमारतींच्या मागे लागतो. मुंबईने सारे जिंकले असे मुळीच नाही. २०१० साली, बांधकामांच्या भरात, तिथे ७५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. पण झाकणाविरुद्ध डासाला जनुक बदलून काही साधता येत नाही, हे त्या शंभर वर्षांत कोणी खोटे ठरवू शकलेले नाही.

धूरफवारणीची लोकप्रियता याच्या नेमकी उलट कारणाने आहे. धूर दिसतो, वास येतो, यंत्राचा आवाज होतो, मुले मागे धावतात. गल्लीत काहीतरी झाले असे वाटते. झाकण बसवलेली टाकी कोणाला दिसत नाही आणि तिचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही. साथीच्या ऐन भरात उडते डास मारायला धुराचा उपयोग आहे; एरवी दर आठवड्याला तोच धूर सोडणे म्हणजे टिकून राहणाऱ्या डासांची निवडणूक सरकारी खर्चाने घेणे होय.

मग करावे काय, याची उत्तरे तज्ज्ञांना नवी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली प्रतिकार-व्यवस्थापनाचा जागतिक आराखडा दिला. एका कुळाचे औषध सलग वापरू नये हा त्याचा गाभा. शहरी संदर्भात याचा अर्थ इतका की अळीनाशकाची निविदा निघण्याआधी त्या त्या विभागातील अळ्यांवर आणि डासांवर ताजी चाचणी झालेली असावी, तिचा निकाल निविदेला जोडलेला असावा आणि तो नागरिकालाही वाचता यावा. टेमीफॉसच्या जोडीला बीटीआय आणि अळीची कात टाकण्याची क्रिया रोखणारी डायफ्लुबेन्झुरॉनसारखी औषधे आलटून पालटून वापरता येतात. ती महाग पडतात, ही तक्रार खरी आहे. पण निकामी झालेले स्वस्त औषध किती रुपयांना पडते, याचा हिशेब कोणत्याच लेखापालाने मांडलेला नाही. अंबत्तूरसारख्या विभागाला तर सबबही नाही. चाचणी करणारे हात तिथेच शेजारी आहेत.

आणि औषधांच्या अंदाजपत्रकातला काही भाग झाकणांसाठी वळवावा लागेल. इथे एक अडचण अशी येते जी कीटकशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात नाही. चेन्नई महापालिकेने घरोघरी जाऊन डासांची उत्पत्तिस्थाने तपासणारे कामगार नेमलेले आहेत. हातात विजेरी, डाव आणि औषधाची बाटली घेऊन ही माणसे उन्हातान्हात जिने चढतात. गच्चीच्या दाराला कुलूप असते. किल्ली घरमालकाकडे, मालक दुसऱ्या उपनगरात. खोल्यांत राहणारे भाडेकरू कारखान्याच्या पाळीवर गेलेले. गच्ची उघडली तर शिडी नसते. शिडी असली तर टाकीचे झाकण कधीच उडून गेलेले असते आणि त्या जागी प्लायवुडचा तुकडा दगड ठेवून दाबलेला असतो. तो तुकडा सारून कामगार आत विजेरी मारतो, मोजून औषध टाकतो आणि वहीत टाकी तपासल्याची खूण करतो. नव्या झाकणाचे पैसे कोणी द्यायचे, मालकाने, भाडेकरूने की महापालिकेने, यासाठी त्या वहीत रकाना नाही.